बाईच्या आरोग्याला गुंतवणुकीत जागा द्या : मुंबईच्या गुंतवणूकदारांना मुरब्याहून खुलं पत्र

मुंबईतील गुंतवणूक निधींचे संचालक, विश्वस्त आणि पैसा कुठे घालायचा याचा निर्णय घेणारे सर्व मान्यवर यांस,



आपली माझी ओळख नाही. मी पालघर तालुक्यातल्या मुरबे गावात राहते आणि महिला बचत गटाचे हिशेब ठेवते. आमच्या गटात बोईसर-पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसणाऱ्या बायका आहेत, उन्हात बोंबील सुकवणाऱ्या आहेत आणि तारापूरच्या कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या मुलीही आहेत. आपल्याला पत्र लिहिण्याचं कारण असं की आमच्या किनाऱ्यावर सध्या पैशाची फार मोठी चर्चा आहे आणि त्या चर्चेत या बायकांच्या शरीराचा उल्लेख कुठेच नाही.

१९६९ मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. मागोमाग औद्योगिक वसाहत आली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदराला मंजुरी दिली. त्याचा खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये आहे. आता आमच्या मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे आणि मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. तो लढा त्याच्या जागी चालू आहे, या पत्रात मी त्यात शिरत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की पन्नास वर्षांहून अधिक काळ हा किनारा गुंतवणुकीला योग्य ठरत आला आहे. इथली वीज, जमीन, समुद्राची खोली, सगळ्याची किंमत कुणीतरी काढली. इथल्या बाईची तब्येत सांभाळणं हीही गुंतवणूक आहे, असं मात्र आजवर कुणाच्या अहवालात आलेलं मला दिसलं नाही.

गटाच्या कर्जवहीत कारणाचा एक रकाना असतो. होडीची दुरुस्ती, जाळं, मुलाची फी, मुलीचं लग्न, घराचे पत्रे अशी कारणं तिथे असतात. दवाखानाही असतो, पण बहुतेक वेळा तो सासऱ्यांचा किंवा मुलाचा असतो. बाई स्वतःच्या दुखण्यासाठी कर्ज मागते तेव्हा गोष्ट ऑपरेशनपर्यंत गेलेली असते. अंगावरून पांढरं जाणं, पाळीत अति रक्त जाणं, लघवीची जळजळ, अंग बाहेर येणं ही दुखणी ती वर्षानुवर्षं अंगावर काढते. पहाटे मासळी घ्यायला जायचं, डोक्यावर टोपली, दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात आणि बाजारात धड शौचालय नाही. मग तिथे बसणारी बाई दिवसभर पाणी कमी पिते. कारखान्यातल्या मुलींचं दुखणं वेगळं, पण तेही अंगावर काढण्याची रीत तीच. माझ्या तक्रारी या वहीतून आलेल्या आहेत. त्या एकेक करून मांडते.

पहिली तक्रार. स्त्रियांचं आरोग्य हा आपल्या दृष्टीने एक छोटा, बाजूचा विषय आहे. निम्म्या लोकसंख्येचा विषय छोटा कसा, हे मला समजत नाही.

आपल्याच राज्यात गडचिरोलीला डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्याचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची किंवा लैंगिक आजाराची काही ना काही तक्रार होती. एकेका स्त्रीला सरासरी तीनहून अधिक आजार होते आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. तोपर्यंत ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच अर्थ धरला जात होता. बंग दांपत्याच्या अभ्यासाने जगाला दाखवून दिलं की बाळंतपणाच्या आधी, नंतर आणि त्याच्याशिवायही बाईला शरीर असतं आणि ते आजारी पडतं.

त्याला तीन दशकं उलटून गेली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ टक्के होता, म्हणजे तो वाढला. त्याच सर्वेक्षणानुसार देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के आणि स्तनांची तपासणी झालेल्या ०.९ टक्के आहेत. एखाद्या वस्तूची गरज शंभर जणींना आहे आणि ती दोघींपर्यंतच पोचली आहे, असं आपल्याला दुसऱ्या कुठल्याही क्षेत्रात कुणी सांगितलं असतं तर आपण दुसऱ्या दिवशी माणसं पाठवून पाहणी केली असती. इथेही तेवढीच पाहणी करा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

दुसरी तक्रार. या क्षेत्रात काही सिद्ध झालेलं नाही, म्हणून पैसा घालणं जोखमीचं आहे, असं सांगितलं जातं. सिद्ध झालेलं आहे आणि ते महाराष्ट्रातल्या गरीब बायकांवरच सिद्ध झालेलं आहे.

टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन तपासणीचं काम दिलं. गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, रंग बदलतो का ते डोळ्यांनी पाहायचं आणि स्तनांची तपासणी हाताने करायची. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पुढे वीस वर्षांच्या पाठपुराव्यातून हेही दिसलं की हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफीचं महागडं यंत्र या कामात नव्हतं.

दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात झाला. बार्शीचं कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १,३१,७४६ स्त्रियांना चार गटांत विभागलं. एका गटाची, या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात फक्त एकदा झाली. २००९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते आणि वेगळी तपासणी न मिळालेल्या, जवळपास तेवढ्याच स्त्रियांच्या गटात ६४. एका चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले. जगभरच्या आरोग्य धोरणांत या अभ्यासाचा दाखला दिला जातो.

साधनंही आपल्याकडेच तयार झाली आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्वाव्हॅक’ ही एचपीव्हीवरची देशी लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आणली. एचपीव्हीच्या चाचणीचे देशी संच गोव्याच्या मोलबायोने आणि पुण्याच्या मायलॅबने बनवले. याच मायलॅबमध्ये मीनल डाखवे-भोसले यांनी २०२० साली करोनाचा पहिला देशी चाचणी संच बनवणाऱ्या चमूचं नेतृत्व केलं होतं, तेही गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत. म्हणजे शास्त्र आहे, लस आहे, चाचणी आहे आणि दहावी शिकलेली बाई हे काम करू शकते याचा पुरावाही आहे. तरीही भारतात २०२२ या एका वर्षात अंदाजे ८० हजार स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या.

मधली साखळी तुटलेली आहे म्हणून हे घडतं. चाचणी गावात आणायची, बाईला समजावून तयार करायचं, नमुना वेळेत प्रयोगशाळेत पोचवायचा, निकाल तिच्या हातात द्यायचा, दोष निघाला तर तिला पुन्हा बोलवायचं, त्याच दिवशी उपचार होतील अशी सोय करायची आणि तीन वर्षांनी, पाच वर्षांनी ती पुन्हा आली का हे पाहायचं. वाहतूक, नोंदी, माणसांचं प्रशिक्षण आणि छोटी यंत्रं यांचं हे काम आहे. आपण वाणसामान दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या कंपन्यांत पैसा घालता, त्यांना हीच कामं करावी लागतात. मग इथे ही कामं अशक्य का ठरावीत?

तिसरी तक्रार. पैसा बाईच्या शरीराकडे येतो, पण चुकीच्या टोकाला येतो. तिने वेळेवर तपासणी करावी यासाठी कुणी खर्च करत नाही. ती शेवटी ऑपरेशनला येते तेव्हा मात्र सगळी व्यवस्था तयार असते.

बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण आपण वाचलं असेल. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणीत आलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. पांढरं जातं, पोट दुखतं, पाळीत काम बुडतं, अशा तक्रारींवर साधे उपचार जवळ मिळाले असते तर यातल्या कितीतरी ऑपरेशनांची गरज पडली नसती. तिशी-पस्तिशीत पिशवी आणि सोबत अंडाशय गेले की हाडं, हृदय, झोप, मन सगळ्यांवर परिणाम होतो. उसाच्या फडातल्या बाईने कर्ज काढून हे ऑपरेशन केलं. आमच्या किनाऱ्यावरची बाईही शेवटी कर्ज काढूनच दवाखान्यात जाते. तिच्या हातात पैसा नाही, असं आपण म्हणता. पैसा ती खर्च करतेच, फक्त उशिरा आणि व्याजाने.

चौथी तक्रार. स्त्रियांनी उभ्या केलेल्या कंपन्यांना आपण वेगळ्या मापाने मोजता.

अमेरिकेतल्या बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने २०१८ मध्ये साडेतीनशे नव्या कंपन्यांचा हिशेब मांडला. स्त्रियांनी स्थापन केलेल्या किंवा स्त्री सहसंस्थापक असलेल्या कंपन्यांना पुरुषांच्या कंपन्यांच्या निम्म्याहून कमी भांडवल मिळालं होतं. तरी गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्यांनी ७८ सेंट महसूल आणला, पुरुषांच्या कंपन्यांनी ३१ सेंट. त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात संशोधकांनी गुंतवणूकदारांचे प्रश्न तपासले. पुरुषांना बहुतेक प्रश्न वाढीबद्दल विचारले जात होते : किती ग्राहक मिळवाल, किती मोठे व्हाल? स्त्रियांना बहुतेक प्रश्न धोक्याबद्दलचे : आहेत ते ग्राहक टिकतील का, पैसा बुडणार नाही ना? प्रश्न असे वेगळे विचारले की उत्तरंही वेगळी येतात आणि मग रक्कमही वेगळी ठरते.

आपल्याकडचा इतिहास तर याहून बोलका आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांची बँक काढायचं ठरवलं तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. त्या बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि आमची व्याजाची गणितं तोंडी घेऊन पाहा, असं त्यांनी अधिकाऱ्यांनाच सांगितलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. मुंबईत सुहानी मोहन यांनी २०१५ मध्ये सॅनिटरी पॅड स्थानिक पातळीवर बनवता येतील अशी यंत्रं करणारी सरल डिझाइन्स ही कंपनी काढली. २०२० च्या टाळेबंदीत त्यांच्या पॅडच्या यंत्रात बदल करून मास्क बनवले गेले. पाळीसाठी केलेलं तंत्र सगळ्यांच्या कामी आलं.

फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये नायका सुरू केली आणि २०२१ मध्ये ती शेअर बाजारात आली. त्या यशाचा मला अभिमान आहे. बाईच्या त्वचेच्या आणि केसांच्या बाजारात पैसा आहे, हे त्यामुळे आपल्या सर्वांना पटलं. तिच्या रक्ताचा, हाडांचा, गर्भाशयाचा आणि पाळी जातानाच्या त्रासाचा विचारही तितक्याच गांभीर्याने व्हायला हवा.

आमच्या पातळीवर ही अडचण आणखी साधी आणि आणखी कठीण आहे. होडी नवऱ्याच्या नावावर, घर कोळीवाड्याच्या जागेवर आणि त्या जागेचे स्वच्छ कागद नाहीत. तारण काय देणार? एका बँकेत आमच्या गटातल्या बाईला कर्जाच्या चौकशीसाठी नवऱ्याला घेऊन या, असं सांगितलं गेलं. हिशेब तिचा, धंदा तिचा, गिऱ्हाईक तिचं. राज्य सरकारने अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने महिला स्टार्टअप योजना आणली, तिच्यातून १ लाख ते २५ लाख रुपये मिळतात, ही चांगली गोष्ट आहे. पण नोंदणीकृत कंपनी, ठरावीक उलाढाल या अटींपर्यंत पोचायलाच जे पहिलं भांडवल लागतं, ते देणारा आमच्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा मासळीचा व्यापारी असतो. तो आगाऊ रक्कम देतो आणि त्या बदल्यात माल त्यालाच, त्याच्या भावाने द्यावा लागतो.

पाचवी तक्रार. आपल्यापैकी अनेकांच्या कंपन्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून बायकांसाठी काहीतरी करतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. त्यातून एक दिवसाची शिबिरं होतात. तंबू लागतो, रक्तदाब पाहतात, हिमोग्लोबिन पाहतात, पॅडची पाकिटं वाटतात, फोटो निघतात. बाईच्या हातात ‘रक्त कमी’ असं लिहिलेली चिठ्ठी येते. पुढे कुठे जायचं, कुणी सांगायचं, महिन्याने पुन्हा रक्त कोण तपासणार, याची जबाबदारी कुणाचीच नसते. शिबिर घेणारे भल्या मनाने येतात, मी त्यांचे आभारच मानते. पण पाठपुराव्याशिवाय केलेली तपासणी बाईला फक्त काळजी देऊन जाते. पुढच्या वेळी ती येत नाही आणि मग अहवालात लिहिलं जातं की बायकांचा प्रतिसाद मिळत नाही.

तारापूरचा उल्लेख इथे करायलाच हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत प्रदूषित ठरलं. खाडीत जाणाऱ्या सांडपाण्याच्या प्रश्नावर मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावं लागलं. त्याच खाडीच्या पाण्यात आमच्या बायका उभ्या राहतात, त्याच कारखान्यांत आमच्या मुली आठ-आठ तास काम करतात. त्यांच्या पाळीवर, गर्भारपणावर, त्वचेवर, श्वासावर काय परिणाम होतो याचा सलग अभ्यास व्हायला हवा आणि त्याचा खर्च इथे नफा कमावणाऱ्यांनी उचलायला हवा.

तक्रारी सांगून झाल्या. आता मागण्या मांडते. त्याही तितक्याच स्पष्टपणे.

एक. आपल्या निधीचा ठरावीक हिस्सा स्त्रियांच्या आरोग्यासाठी आणि स्त्रियांनी स्थापन केलेल्या कंपन्यांसाठी लेखी राखून ठेवा. सिडबी (लघुउद्योग विकास बँक) चालवत असलेल्या स्टार्टअपच्या निधीत स्त्रियांच्या नेतृत्वाखालच्या कंपन्यांसाठी दहा टक्के राखीव आहेत. खासगी निधींनाही ते जमेल. आणि दर वर्षी जाहीर करा : या दोन कामांत किती पैसा गेला, किती स्त्री संस्थापकांना नकार दिला, का दिला, आणि मुंबई-पुणे-बेंगळुरूच्या बाहेर किती गेला.

दोन. पैशाला वेळ द्या. दर पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होडीला कर्ज देणारा जाणता माणूस त्या दोन महिन्यांत हप्त्यासाठी दारात उभा राहत नाही, कारण माशांची पैदास झाली तरच पुढचा हंगाम येणार हे त्याला माहीत असतं. आरोग्याच्या कामालाही असाच काळ लागतो. मुंबईच्या अभ्यासाचं फळ दिसायला दहा-पंधरा वर्षं लागली. तीन वर्षांत दहापट परतावा मागणारा पैसा या कामाला मोडून टाकेल.

तीन. सुरुवात एका संपूर्ण साखळीपासून करा आणि ती बोईसर-पालघरच्या किनाऱ्यावर करा. गर्भाशयमुख, स्तन आणि रक्तक्षय या तीनच गोष्टी घ्या. मुरबे, सातपाटी, नवापूर, दांडी अशा गावांत दहावी-बारावी शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण द्या, त्यांना नीट पगार द्या आणि कंपनीत हिस्साही द्या. सरकारी आरोग्य केंद्र, आशाताई आणि नर्सबाई यांच्या हातात हात घालून काम करा, त्यांच्या समोर दुसरं दुकान मांडू नका. कर्करोग निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात. म्हणजे सर्वांत महागड्या टप्प्याचा खर्च सरकार उचलतंच आहे, त्याच्या आधीचा स्वस्त टप्पा रिकामा आहे.

यात पैसे कोण देणार, हा आपला पहिला प्रश्न असेल आणि तो योग्य आहे. सगळा भार बाईवर टाकला तर ती येणार नाही. कारखान्यांनी आपल्या कामगार स्त्रियांसाठी आणि कामगारांच्या कुटुंबांसाठी वार्षिक करार करावा. जिल्हा परिषदेने आणि आरोग्य विभागाने तपासणीमागे ठरलेला दर द्यावा. विमा कंपन्यांनी वेळेवर तपासणी झालेल्या बाईला सवलत द्यावी. आणि बचत गटातल्या बायका महिन्याला थोडी रक्कम स्वतः भरतील, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीवर जाब विचारता येत नाही हे त्यांना कळतं. असे चार हात मिळून हा धंदा उभा राहू शकतो.

चार. निर्णयाच्या टेबलावर स्त्रिया हव्यात आणि त्यात फक्त मोठ्या शहरांतल्या नकोत. मासळी विकणारी बाई रोज पहाटे भाव ठरवते, उधारी सांभाळते, माल नासण्याआधी कुठे किती सोडायचा हे क्षणात ठरवते. तिला आपल्या सल्लागार मंडळावर बसवा. अर्ज आणि मुलाखती मराठीतही घ्या. म्हसवडच्या बायकांचं उदाहरण वर दिलंच आहे : गणित घेऊन पाहा, सहीचा डौल पाहू नका.

पाच. आमच्या शरीराची माहिती फुकट नेऊ नका. पाळीच्या तारखांपासून तपासणीच्या निकालांपर्यंत सगळं आता मोबाईलमध्ये भरलं जातं. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आहे. बाईला तिच्या भाषेत समजावून संमती घ्या, नाही म्हणायचा हक्क द्या आणि त्या माहितीतून कमाई झाली तर तिचा वाटा तिच्या गावाच्या आरोग्यावर खर्च करा. धाराशिवच्या ज्या गटात ६४ बायका गेल्या, त्यांच्यामुळे जगाला एका चाचणीचं मोल कळलं. त्या बायकांचं देणं आपण सर्वजण लागतो. संशोधन जिथे होईल तिथे त्याचं फळ सेवा म्हणून परत आलंच पाहिजे, ही अट प्रत्येक करारात घाला.

सहा. पहिलं छोटं भांडवल तारणाशिवाय द्या. गटाची परतफेडीची वही हेच तारण माना. गटातल्या बायका हप्ता चुकू नये म्हणून काय काय करतात हे मी रोज पाहते. ज्या बाईने सलग काही वर्षं वेळेवर परतफेड केली, तिच्या धंद्यावर विश्वास ठेवायला आणखी कुठला कागद हवा?

या सहा गोष्टींपैकी एकही दान नाही. आम्ही आमच्या बाजूने काय देऊ शकतो हेही सांगते. जागा आम्ही देऊ, बायकांना तयार करण्याचं काम आम्ही करू, नोंदी ठेवू, हिशेब उघडा ठेवू. एखादी कंपनी आमच्याकडे चुकीचं वागली तर तेही आम्ही उघडपणे सांगू आणि चांगलं काम केलं तर डहाणूपासून वसईपर्यंतच्या कोळीवाड्यांत तिचं नाव पोचवू. बायकांनी एकमेकींना सांगितलेल्या शब्दाइतकी मोठी जाहिरात या धंद्याला दुसरी मिळणार नाही.

आपली कार्यालयं बोईसरपासून जेमतेम शंभर किलोमीटरवर आहेत. बंदरांच्या पाहणीसाठी या किनाऱ्यावर अनेक जण येऊन गेले. आपणही या. आमच्या गटाच्या बैठकीत बसा, कर्जवही स्वतः उघडून पाहा, बाजारात बसणाऱ्या बायकांशी बोला, आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना काय कमी पडतं ते विचारा. आणि मग १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी एवढं लेखी कळवा : आपला निधी या कामात किती रक्कम घालणार, कुठल्या गावांपासून सुरुवात करणार आणि ते काम पाहणाऱ्या माणसाचं नाव काय. नकार असेल तर तोही कारणासह कळवा. कारण समजलं तर पुढच्या वेळी आम्ही अधिक चांगली तयारी करून येऊ.

उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
बचत गटाची हिशेबनीस
मुरबे, ता. जि. पालघर